रेव्हरंड ना. वा. टिळक : पृथ्वीवरील यात्रिक

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जातीने त्यांना दूर केले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही हा धर्म स्वीकारला.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार मनुष्य पृथ्वीवर पाहुणा असून त्याचे खरे घर स्वर्गात आहे. टिळकांनी ही कल्पना तुकारामांच्या अभंगाच्या वाटेने आपलीशी केली. मात्र पाहुणेपण म्हणजे संसाराचा तिटकारा असे त्यांनी मानले नाही. फुले, मुले आणि देश हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय होते. १९१७ मध्ये अहमदनगरपासून सोलापूरपर्यंत कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ‘अभंगांजली’ अभ्यासताना विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : टिळकांच्या स्वर्गाच्या ओढीत मायभूमीचा त्याग नाही, सुटतो तो केवळ संचयाचा मोह.