आचार्य विनोबा भावे : सत्याग्रह ते ‘समणसुत्तं’

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींची भेट झाली व हिमालयाची ओढ तेथेच विसावली. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी बनली.

नागपूरचा झेंडा सत्याग्रह, धुळ्याचा कारावास व तेथील गीतेवरील प्रवचने सर्वपरिचित आहेत. १७ ऑक्टोबर १९४० रोजी सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. पंडित नेहरूंचा क्रम दुसरा होता.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदानयज्ञ सुरू झाला. पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ, जैन मुनींच्या विहाराची आठवण व्हावी अशी त्यांची पदयात्रा चालली. सुमारे चाळीस लाख एकर जमीन दान मिळाली. त्यातील बरीच नापीक निघाली, बरीच वाटपाविना राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही अपरिग्रहाचे तत्त्व जमीनदाराच्या दारी नेण्याचा एवढा मोठा प्रयत्न दुसरा झाला नाही.

जैन समाजावर त्यांचे ऋण मात्र निराळेच आहे. दिगंबर व श्वेतांबर परंपरांची आगमे भिन्न. सर्वांनी एकमुखाने मान्य करावा असा आगमवचनांचा एक संकलनग्रंथ नव्हता. ही उणीव विनोबांना सलत होती व तो ग्रंथ सिद्ध व्हावा असा आग्रह ते वारंवार धरीत. जिनेंद्र वर्णी यांनी ते काम शिरावर घेतले. प्रथम ‘जैनधर्म-सार’ हे संकलन झाले, विद्वानांच्या सूचना आल्या, फेरफार झाले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात, नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत संगीती भरली. निरनिराळ्या आम्नायांचे मुनी व पंडित एकत्र बसले. मूळचे शेडबाळचे, म्हणजे आपल्याच सीमाभागातील, मुनिश्री विद्यानंदजी त्यांत अग्रभागी होते. ७५६ गाथांचा, चार खंडांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सर्वमान्य झाला. मतभेद मिटले नाहीत, पण ते बाजूस ठेवून समान तेवढे एकत्र आणता येते, हे एका अजैनाने घडवून दाखविले.

आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली व ती निराधार नव्हती.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला. विनवण्यांनी निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे देह ठेवला. तो दिवस दीपावलीचा, महावीर निर्वाणाचा होता. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरविला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, तेव्हा पवनारच्या त्या अखेरच्या आठवड्याची चर्चा पुन्हा देशभर झाली.