अणूला तोलणारा शाळामास्तर



शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकात जॉन डाल्टन हे नाव जेमतेम एका परिच्छेदापुरते येते. त्याच्या अणुसिद्धांताची चार-पाच विधाने तुम्ही पाठ करता, उत्तरपत्रिकेत उतरवता आणि विसरून जाता. दोष तुमचा नाही, आम्ही शिक्षक ते तसेच शिकवतो. म्हणून आज त्या विधानांमागचा माणूस तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो.

डाल्टनचा जन्म १७६६ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील विणकर होते. घरची गरिबी होतीच, शिवाय आणखी एक अडचण होती. हे कुटुंब क्वेकर नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाचे. त्या काळी इंग्लंडात विद्यापीठे दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. राजमान्य चर्चची मते मान्य असल्याचे लिहून दिल्याशिवाय ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळत नसे आणि केंब्रिजमध्ये पदवी मिळत नसे. क्वेकरांना ते शक्य नव्हते. मुलगा कितीही हुशार असो, दार बंद! ही अट कायद्याने उठली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मग या लोकांनी काय केले? आपल्या शाळा आपणच काढल्या. गावच्या क्वेकर शाळेत डाल्टन शिकला. एलिहू रॉबिन्सन नावाच्या सधन क्वेकर गृहस्थाने त्याची बुद्धी हेरली आणि त्याला गणित शिकवले. बाराव्या वर्षी डाल्टन स्वतःच गावात शिकवू लागला. तुमच्यापैकी सातवीतल्या मुलांनी जरा कल्पना करावी! पंधराव्या वर्षी तो केंडल गावच्या क्वेकर शाळेत भावाच्या जोडीला गेला आणि तिथे बारा वर्षे राहिला.

केंडलमध्ये त्याला खरा गुरू भेटला. जॉन गॉफ हे देवीच्या आजाराने लहानपणीच अंध झालेले विद्वान. त्यांनी डाल्टनला लॅटिन, ग्रीक व गणित शिकवले आणि रोजच्या हवामानाची नोंदवही ठेवण्याची सवय लावली. २४ मार्च १७८७ रोजी सुरू झालेली ही वही सत्तावन्न वर्षे चालली. दोन लाखांहून अधिक नोंदी! त्यातली शेवटची मृत्यूच्या आदल्या संध्याकाळची आहे.

याच वहीतून अणूचा रस्ता निघाला, ही गोष्ट पुस्तकात येत नाही. १७९३ साली मँचेस्टरला जाऊन तो एका कॉलेजात शिकवू लागला. तेही राजमान्य चर्चबाहेरच्या पंथीयांचेच होते. पुढे ती नोकरी सोडून त्याने शिकवण्या धरल्या. हवेबद्दलचे प्रश्न मात्र सुटत नव्हते. हवेतले वायू जड आणि हलके असून थर का करत नाहीत? पाण्यात एक वायू जास्त विरघळतो, दुसरा कमी, असे का? त्याला वाटले, प्रत्येक वायूच्या कणांचे वजन निराळे असावे. मग ती वजने काढायला हवीत.

डोळ्यांना न दिसणारा कण तोलायचा कसा? डाल्टनने एकेक कण तोललाच नाही, तुलना केली. सर्वांत हलक्या हायड्रोजनला १ मानले. पाण्यात हायड्रोजनच्या मानाने ऑक्सिजन वजनाने किती पट आहे ते पाहिले आणि त्यावरून ऑक्सिजनचा अणुभार काढला. असा पहिला तक्ता १८०३ साली तयार झाला आणि १८०८ साली त्याचा ग्रंथ निघाला. कार्बन व हायड्रोजन यांचे दोन वायू त्याने तपासले. तेवढ्याच कार्बनमागे एकात हायड्रोजन दुसऱ्याच्या नेमका दुप्पट निघाला. दीडपट नाही, पावणेदोनपट नाही. अणू अखंड एककांनी जोडले जात असतील तरच असे घडेल.

आता त्याची चूकही सांगतो, वर्गातही मुद्दाम सांगतो. पाण्यात एका ऑक्सिजनला एकच हायड्रोजन, असे त्याने धरून चालले. म्हणून ऑक्सिजनचा अणुभार १८०८ मध्ये ७ आला. आज तो १६ आहे. गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांवरून आणि १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने तर्काने योग्य वाट दाखवली, पण डाल्टनने ती मानली नाही. माणूस हट्टी होता.

अणू एकमेकांना का धरून राहतात, हेही त्याला सांगता आले नाही. त्यासाठी १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडावा लागला. १९११ मध्ये रुदरफोर्डने अणुकेंद्र दाखवले, तेही मँचेस्टरमध्येच. १९१६ मध्ये कोसेलने आयनिक बंधाची उकल केली. आपल्या घरातले मीठच घ्या. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या कक्षेत सात. सोडियम आपला एक देऊन टाकतो आणि धनभारित होतो. क्लोरीन तो घेऊन आठ पूर्ण करतो आणि ऋणभारित होतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. मिठाच्या खड्यात मात्र दोघांच्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. तरी एकूण प्रमाण एकास एकच. डाल्टनचा अणू अखंड ठरला नाही, पण पूर्ण संख्यांचा हिशेब टिकला.

१८३२ साली ऑक्सफर्डने डाल्टनला मानद पदवी दिली. होय, त्याच ऑक्सफर्डने! १८३४ मध्ये त्याला राजाच्या भेटीला न्यायचे ठरले. दरबारी पोशाखात तलवार लागे आणि क्वेकर तलवार बांधत नाहीत. तेव्हा त्याला ऑक्सफर्डचा लालभडक झगा घालण्यास सुचवण्यात आले. क्वेकर भडक रंगही टाळतात, पण डाल्टनने तो बिनतक्रार अंगावर चढवला. तो रंगांध होता, आणि आपल्या या दोषावर त्याने १७९४ मध्येच निबंध वाचला होता. लाल रंग त्याला मातकट दिसे.