रखमाबाईंची गोष्ट आणि शेजारच्या आजी

मैत्रिणींनो, इथे मोहोपाड्यात आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय ७२. पाळी जाऊन वीसेक वर्षं झालेली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेने मला हळूच सांगितलं, आजींच्या लुगड्याला डाग दिसतात. विचारलं तर उष्णता झाली म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचं पाणी पिऊन गप्प बसतात. मी समजवायला गेले तर माझ्यावरच रागावल्या. या वयात डॉक्टरपुढे कुठे झोपायचं, नातवंडं काय म्हणतील! मी वाद घातला नाही. चहा घेता घेता त्यांना डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातला. त्या अगदी लहान असताना वडील वारले. आई जयंतीबाई ऐन तरुणपणी विधवा झाल्या. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्यांच्या समाजात त्याला आडकाठी नव्हती. म्हणून रखमाबाई वाढल्या त्या एका डॉक्टरच्या घरात.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं. काही महिन्यांतच त्यांना न्हाण आलं. त्या काळी न्हाण आलं की गर्भाधानाचा विधी आणि मुलीची सासरी रवानगी. पण सावत्र वडील पडले डॉक्टर! कोवळ्या शरीराला हे सोसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो विधी होऊ दिला नाही. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरीच शिकत राहिल्या.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण पुढे अपील झालं. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली! केवढा गहजब झाला. 'केसरी'ने त्यांच्यावर सडकून टीका केली. पण त्या ढळल्या नाहीत. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये देऊन त्या मोकळ्या झाल्या. या खटल्यामुळे बालविवाहावर देशभर चर्चा झाली आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वयाची अट दहावरून बारावर गेली.

सुटका झाल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना डॉक्टरीचं शिक्षण घ्यायला धीर दिला. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन आधी सुरतेला आणि मग राजकोटला बायकांच्या इस्पितळात त्यांनी पस्तीसेक वर्षं काम केलं. तेव्हा कितीतरी घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येतच नसत. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर मरायचं. अशा बायकांसाठी बाई डॉक्टर मिळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. २५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या नव्वदीत, रखमाबाई गेल्या.

आज पनवेलला, खोपोलीला बायकांच्या डॉक्टर बाई आहेत. दार उघडं आहे, आपणच आत जात नाही. माझी सख्खी मावशी गेली नाही. वर्षभर तिने लपवलं. कळलं तेव्हा पिशवीचा कॅन्सर पसरला होता. ती आज आपल्यात नाही.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली. त्यानंतर पुन्हा अंगावरून गेलं, अगदी एक डाग जरी दिसला, तरी ती पाळी परत आलेली नसते आणि उष्णताही नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. वयाने आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, कधी पिशवीत छोटा मस्सा असतो, कधी अंग बाहेर येत असेल तर तिथे जखम होते. पण अशा दहा जणींत साधारण एकीला पिशवीचा कॅन्सर निघतो. आणि ज्यांना तो होतो त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींना हे रक्त जातंच. म्हणजे शरीर आधीच सांगत असतं! कधी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही असू शकतो. वजन जास्त असेल, साखर किंवा बीपी असेल तर जास्तच जपायला हवं.

डॉक्टर बाई आतून तपासतात, सोनोग्राफीत पिशवीच्या अस्तराची जाडी बघतात. ती चार मिलिमीटरच्या वर असली किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असलं, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. वेळेत कळलं तर पिशवीचा कॅन्सर बहुतेक जणींचा बरा होतो.

आजींनी गोष्ट ऐकून घेतली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, की तिथे तपासणारी बाईच असते ना? दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षाने निघालो. मस्सा निघाला, तो काढला, तपासणीत काही वाईट नव्हतं. आता आजीच आळीतल्या बायकांना दटावतात.

तुमच्या घरात सासू असेल, आई असेल, आत्या असेल. त्या आपणहून सांगणार नाहीत. आज कामं आटोपली की शेजारी बसून एकदा विचारा.