सहकाऱ्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं; त्याच मार्कोव्हनिकोव्ह यांचा नियम आजही परीक्षेला

अकरावी सायन्सच्या पोरांना एक अवघड नाव घोकावं लागतं, मार्कोव्हनिकोव्ह. नियम पाठ होतो, मार्क पडतात. पण हा माणूस कोण, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

व्लादिमिर मार्कोव्हनिकोव्ह हे रशियाचे. वडील लष्करात अधिकारी. कझान विद्यापीठात ते गेले होते अर्थकारण आणि राज्यकारभार शिकायला. त्यात रसायनशास्त्राचेही तास असायचे. बुतलेरोव्ह सरांचं शिकवणं ऐकलं आणि त्यांनी वाटच बदलली. १८६० ला पदवी घेतली, पुढे जर्मनीतल्या प्रयोगशाळांत काम केलं.

१८६९ च्या प्रबंधात त्यांनी तो नियम मांडला. प्रोपीनचं उदाहरण घ्या. त्यात दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. टोकाच्या कार्बनकडे दोन हायड्रोजन, मधल्याकडे एकच. त्यावर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केली, तर हायड्रोजन कुठे जाणार? ज्याच्याकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत, त्या टोकाच्या कार्बनकडे. ब्रोमीन मधल्या कार्बनला चिकटतो आणि २-ब्रोमोप्रोपेन तयार होतं. म्हणजे काय तयार होईल, याचा अंदाज प्रयोगाआधीच बांधता येऊ लागला.

बुतलेरोव्ह पीटर्सबर्गला गेल्यावर कझानला त्यांची जागा मार्कोव्हनिकोव्ह यांना मिळाली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. पण १८७१ मध्ये लेसगाफ्त नावाच्या प्राध्यापकाला सरकारने कामावरून काढलं. कारभारावर टीका केली, एवढाच त्यांचा गुन्हा. मार्कोव्हनिकोव्ह गप्प बसले नाहीत. इतर काही प्राध्यापकांसोबत त्यांनीही राजीनामा दिला. मग ओडेसा आणि १८७३ पासून मॉस्को.

मॉस्कोत त्यांनी कॉकेशसच्या खनिज तेलाचा अभ्यास केला. त्यातल्या कड्यासारख्या रचनेच्या संयुगांना नॅफ्थीन हे नाव दिलं. १८९३ मध्ये वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून विभागप्रमुखपद गेलं. तरी संशोधन थांबलं नाही. १९०४ मध्ये मॉस्कोतच त्यांचं निधन झालं.

पुढे १९३३ मध्ये खराश आणि मेयो यांनी दाखवलं, की पेरॉक्साइड असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड उलटं वागतं. म्हणून परीक्षेत प्रश्नात पेरॉक्साइड आहे का, हे आधी बघायचं आणि मगच उत्तर लिहायचं.