जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (जन्म : ड्रेगहॉर्न, स्कॉटलंड, ५ फेब्रुवारी १८४०, मृत्यू : डब्लिन, आयर्लंड, २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटिश पशुवैद्य व संशोधक होते. सायकलीसाठी व्यवहारात टिकणारा, हवा भरलेला रबरी टायर त्यांनी १८८७-८८ मध्ये बेलफास्ट येथे तयार केला. हवेच्या टायरची कल्पना त्यांच्या आधी रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी मांडली होती व तिचे पेटंटही घेतले होते. त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट पुढे अवैध ठरले. तरीही हा टायर सर्वसामान्यांच्या वापरात आला तो डनलॉप यांच्या प्रयोगांमुळे आणि त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगामुळे.

प्रारंभिक जीवन

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील एरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन महिने अगोदर जन्मल्याचे घरात सांगितले जात असे. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची समजूत झाली आणि ते जन्मभर स्वतःच्या तब्येतीला फार जपत राहिले. प्रत्यक्षात त्यांना दीर्घायुष्य लाभले. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही वर्षे स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केला.

१८६७ मध्ये ते आयर्लंडमध्ये स्थलांतरित झाले. डाउनपॅट्रिक येथे त्यांनी आपले बंधू जेम्स यांच्यासमवेत पशुचिकित्सालय चालवले. पुढे त्यांनी बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर स्वतंत्र व्यवसाय सुरू केला व त्याचा मोठा विस्तार केला. त्या काळी शहरातील सर्व वाहतूक घोड्यांवर अवलंबून असल्याने पशुवैद्याला कामाची कमतरता नव्हती. मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये होती.

पार्श्वभूमी

१८८० च्या दशकात सायकलीची चाके लोखंडी धावेची किंवा भरीव रबराची असत. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर अशा चाकाला प्रत्येक दगडाचा धक्का बसे आणि तो थेट स्वाराच्या अंगापर्यंत पोहोचे. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. उंच चाकाच्या जुन्या सायकलीपेक्षा ती सुरक्षित होती. मात्र तिची चाके लहान असल्याने धक्के अधिक जाणवत. चाकाचा त्रास कमी करणाऱ्या उपायाला गिऱ्हाईक मिळेल अशी परिस्थिती त्यामुळे निर्माण झाली होती.

हवा भरलेल्या टायरची निर्मिती

डनलॉप यांच्या मुलाची प्रकृती अशक्त होती आणि डॉक्टरांनी त्याला व्यायाम म्हणून सायकल चालवण्यास सांगितले होते, असे म्हटले जाते. त्याच्याकडे भरीव रबराच्या चाकांची तिचाकी सायकल होती. तिचे धक्के कमी करण्याच्या विचारातून डनलॉप यांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रयोगाला सुरुवात केली. रबर हाताळण्याचा त्यांना आधीपासून अनुभव होता.

सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी चकती घेऊन तिच्या कडेवर त्यांनी पातळ रबरी पत्र्याची नळी बसवली, ती कापडाने आवळली आणि तीत हवा भरली. त्यानंतर घराच्या अंगणात ही चकती आणि तिचाकी सायकलीचे एक चाक अशी दोन्ही ढकलून पाहिली. सायकलीचे चाक थोडे अंतर जाऊन थांबले. हवेची चकती मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलट फिरली. धक्के कमी करण्यासाठी केलेल्या प्रयोगातून वेगाचाही फायदा दिसून आला. याचे कारण असे की, भरीव चाकाला खड्यावरून जाताना स्वतःला व वरच्या भाराला उचलावे लागते आणि त्यात गती खर्ची पडते. हवेचा टायर खड्याभोवती दबतो व पुन्हा मूळ आकारात येतो. त्यामुळे चाकाची गती फारशी मंदावत नाही.

यानंतर त्यांनी मुलाच्या सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना असे टायर बसवले. फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस तिची चाचणी झाली. मोठ्या सायकलींवरील प्रयोगही यशस्वी ठरल्यावर त्यांनी जुलै १८८८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

शर्यतींतील यश

जाड टायर जुन्या सायकलीच्या चिमट्यात मावत नसत. त्यामुळे बेलफास्टमधील एडलिन यांच्या कार्यशाळेत त्यांच्यासाठी खास सांगाडे तयार करण्यात आले. स्थानिक सायकल क्लबचे कप्तान विली ह्यूम यांनी अशी सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत ते तिच्यासह उतरले, तेव्हा फुगीर टायर पाहून प्रेक्षकांनी थट्टा केली. ह्यूम यांनी मात्र त्या दिवशीच्या चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच काळाने लिव्हरपूल येथे त्यांनी एक शर्यत वगळता सर्व शर्यतींत विजय मिळवला.

पराभूत स्पर्धकांमध्ये डब्लिनचे कागद व्यापारी हार्वे द्यू क्रॉ यांचे मुलगे होते. द्यू क्रॉ हे आयर्लंडमधील सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मुलांच्या पराभवामागचे कारण लक्षात आल्यावर त्यांनी या टायरच्या उत्पादनात रस घेतला.

कंपनीची स्थापना व पेटंट रद्द होणे

१८८९ च्या अखेरीस द्यू क्रॉ यांच्या पुढाकाराने डब्लिन येथे टायर कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी थोडी रोख रक्कम व थोडे समभाग यांच्या बदल्यात आपले हक्क कंपनीला दिले. काही काळाने त्यांनी पशुवैद्यकीय व्यवसायातून निवृत्ती घेतली व ते डब्लिनला राहावयास गेले.

पेटंट मिळून दोन वर्षे होत असतानाच ते अवैध असल्याचे त्यांना कळवण्यात आले. स्कॉटलंडमधील स्टोनहेवन येथे जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच ब्रिटनमध्ये आणि त्यानंतर फ्रान्स व अमेरिकेत हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. थॉमसन यांच्या टायरमध्ये रबर लावलेल्या कापडाची नळी व तिच्यावर चामड्याचे आवरण होते. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला हे टायर लावून त्यांचे प्रात्यक्षिकही झाले होते. ते महाग होते, सायकलींचा प्रसार झालेला नव्हता आणि पातळ, टिकाऊ रबर सहज मिळत नव्हते. त्यामुळे ती कल्पना मागे पडली. आपल्या आधी असा प्रयोग झाला होता, याची डनलॉप यांना कल्पना नव्हती.

मूळ पेटंट गेल्यानंतरही कंपनी टिकली, ती इतरांनी केलेल्या सुधारणांचे हक्क मिळवल्यामुळे. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाच्या कड्याला चिकटवलेला असे. पंक्चर झाल्यास तो सोडवणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा चिकटवणे हे वेळखाऊ काम होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी दोन्ही कडांत न ताणणारी तार असलेला टायर तयार केला. त्याच वर्षी एडिंबरा येथील विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी रिमच्या वळवलेल्या कडेत अडकणारा टायर शोधून काढला. चार्ल्स वुड्स यांनी हवा भरण्यासाठी सुटसुटीत व्हॉल्व्ह तयार केला. या सुधारणांमुळे टायर हाताने काढता व बसवता येऊ लागला.

उत्तरायुष्य

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी द्यू क्रॉ यांनी हा व्यवसाय टेरा हूली या वित्तव्यावसायिकाला ३० लाख पौंडांना विकला. हूली यांनी तो नव्या स्वरूपात लोकांपुढे मांडून ५० लाख पौंडांना विकला. या मोठ्या व्यवहारापूर्वीच डनलॉप बाजूला झाले होते. कंपनीला त्यांचे नाव मिळाले, पण तिच्या वाढीतून मिळालेल्या संपत्तीत त्यांचा वाटा अल्प राहिला. पुढील काळात त्यांनी डब्लिनमधील एका कापड दुकानाच्या व्यवसायात थोडी गुंतवणूक केली.

ऑक्टोबर १९२१ मध्ये सर्दी होऊन ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डब्लिनजवळील डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. टायरच्या शोधाविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

टायरच्या रचनेचा पुढील विकास

आजचा सायकल टायर रचनेच्या दृष्टीने डनलॉप यांच्यापेक्षा वेल्च व बार्टलेट यांना अधिक जवळचा आहे. कडेतील तार किंवा मजबूत धाग्यांचा गोफ आणि तिला धरणारी रिमची कड या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामातून आल्या. डनलॉप यांच्या टायरमधील मुख्य घटक म्हणजे हवा धरून ठेवणारी वेगळी नळी. डोंगराळ वाटांवरील सायकलींच्या ट्यूबविरहित टायरमध्ये तीच वगळली जाते. फ्रान्समधील माविक कंपनीने मिशेलिन व हचिन्सन यांच्या सहकार्याने १९९९ मध्ये अशा सायकलींसाठी ट्यूबविरहित चाकांची प्रमाणित पद्धत आणली.

ट्यूब नसल्याने रिम, व्हॉल्व्ह आणि टायरची कड या तिन्ही ठिकाणी हवा अडवावी लागते. घरी असा टायर बसवताना प्रथम रिममधील आऱ्यांची छिद्रे हवाबंद चिकटपट्टीने झाकतात. नंतर व्हॉल्व्ह घट्ट बसवून टायर चढवतात. कडेला साबणाचे पाणी लावून एकदम भरपूर हवा सोडली की टायरच्या कडा आवाज करत रिमच्या खाचेत बसतात. हवा वेगाने आत जावी म्हणून या वेळी व्हॉल्व्हचा आतला भाग काढून ठेवतात. शेवटी द्रवरूप रबराचे मिश्रण आत टाकून चाक सर्व बाजूंनी फिरवतात. हे मिश्रण बारीक छिद्रांत जाऊन घट्ट होते व गळती थांबवते. ते कालांतराने वाळत असल्याने काही महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. टायर व रिम यांच्यामध्ये चिमटली जाणारी ट्यूबच नसल्याने हवेचा दाब कमी ठेवता येतो आणि खडकाळ वाटेवर चाकाची पकड वाढते. टायर मोठा फाटल्यास मात्र आत साधी ट्यूब घालूनच घरी परतावे लागते. म्हणून अनेक स्वार ती सोबत ठेवतात.

वारसा

डनलॉप यांचे नाव टायरखेरीज टेनिसचे चेंडू व रॅकेट यांसाठीही वापरले गेले. भारतात पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथे १९३६ मध्ये डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. भारतातील साध्या सायकलींवर दिसणारा, आत छोटी रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह डनलॉप व्हॉल्व्ह या नावाने ओळखला जातो. त्याची रचना मात्र वुड्स यांच्या व्हॉल्व्हवर आधारलेली आहे. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने आपल्या १० पौंडांच्या नोटेवर डनलॉप यांचे चित्र छापले.