मार्कोनी आणि आपलं खडकी

लोणावळा-पुणे लोकलने जाताना खडकी स्टेशन नेहमी लागतं. पण याच खडकीहून एकेकाळी थेट इंग्लंडला बिनतारी संदेश जात होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ही यंत्रणा होती गुलिएल्मो मार्कोनीच्या कंपनीची.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जमीनदार, आई आयरिश. स्वारीला युनिव्हर्सिटीत प्रवेश काही मिळाला नाही! मग घराच्या माळ्यावरच प्रयोग सुरू झाले. लहरी हर्ट्झने दाखवलेल्या, त्या पकडणारा कोहिरर ब्रॅन्ली आणि लॉज यांचा. मार्कोनीने हे सुटे भाग एकत्र जोडले, अँटेना उंच टांगली, दुसरं टोक जमिनीत पुरलं आणि १८९५ साली संदेश टेकडीपलीकडे पोचवला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला गेला, पेटंट घेतलं, १८९७ मध्ये कंपनी काढली.

१२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून अटलांटिकपलीकडचा सिग्नल ऐकल्याचं जाहीर केलं. त्यावर आजही वाद आहे. त्या वेळच्या डिटेक्टरचं नातं आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या कामाशी होतं, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण श्रेय बोस यांच्या वाट्याला आलं नाही. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना विभागून मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा वाचलेल्या सातशेच्या आसपास लोकांचे प्राण बिनतारीमुळेच वाचले.

लांब पल्ल्यासाठी लांब लहरी आणि प्रचंड पॉवर हवी, असं मार्कोनी बरीच वर्षं धरून चालला होता. शॉर्टवेव्ह हौशी लोकांसाठी सोडलेल्या! पण १९२३-२४ मध्ये त्याने स्वतःच्या बोटीवर प्रयोग करून पाहिले आणि सरळ आपला मार्ग बदलला. सहकारी फ्रँकलिनच्या अँटेनांनी लहरींचा झोत एकाच दिशेला सोडता आला. ही बीम सेवा १९२७ मध्ये भारतात आली. ट्रान्समीटर खडकीला, रिसीव्हर मात्र पार दौंडला!

एवढं अंतर कशाला? ट्रान्समीटर शेजारीच गरजत असेल, तर हजारो मैलांवरून आलेला क्षीण सिग्नल रिसीव्हरला ऐकू कसा येणार? आज मोबाईलमधल्या ब्लूटूथ चिपवर हे खडकी-दौंड काही मिलिमीटरमध्ये नांदतात. १ मिलिवॉट पाठवणारी चिप त्याच्या एक कोटीव्या भागाएवढा सिग्नलही ओळखू शकते. कशी? दोघं एकाच वेळी बोलतच नाहीत. सेकंदाचे १६०० तुकडे करून आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. पण मोबाईलच्या काही सेवांत पाठवणं आणि ऐकणं एकदमच चालतं. तिथे फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवून मध्ये फिल्टर घालावे लागतात. तरी सिलिकॉनमधून गळती होतेच. म्हणजे मार्कोनीच्या इंजिनिअरांची डोकेदुखी चिप डिझायनरला अजून सुटलेली नाही.

मार्कोनी संत नव्हता. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला, हा डाग राहिलाच. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं.

त्याने लहरी शोधल्या नाहीत, कोहिररही नाही. इतरांचे सुटे भाग जोडून चालणारी सिस्टिम उभी केली. सिस्टिम-ऑन-चिप शिकणाऱ्या आपल्याला हेच तर करायचं आहे. फक्त कुठला भाग कोणाचा, हे नावानिशी सांगायला आपण विसरू नये.