गिरणी कामगारांचे कैवारी

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली सूतगिरणी स्थापन केली. पुढील तीस वर्षांत शहरात अनेक गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून व देशावरून आलेले हजारो स्त्री-पुरुष तेथे राबू लागले. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे पहाट होताच साचे सुरू होत आणि दिवस मावळल्यावरच थांबत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे! मजुरांना तेरा-तेरा तास खपावे लागे. आठवड्याची ठरलेली सुटी नसे आणि पगारही वेळेवर हाती पडत नसे.

या मुक्या कष्टकऱ्यांना वाचा देणारे पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ साली एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. रेल्वेत व टपालखात्यात काही काळ नोकरी केल्यावर ते मुंबईतील एका गिरणीत कोठीच्या कामावर लागले. तेथे मजुरांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० साली ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी खांद्यावर घेतली आणि त्यातून ते कामगारांची दुःखे वेशीवर टांगू लागले.

१८८१ साली सरकारने हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा केला. सात वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची त्याने मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कामाची मर्यादा नऊ तास ठरवली. मोठ्या माणसांच्या विश्रांतीविषयी मात्र त्यात काहीच नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी काय करावे? कामगार एकेकटा बोलला असता, तर त्याची नोकरीच गेली असती. म्हणून नारायणरावांनी सर्वांना एकत्र आणले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात मजुरांच्या सभा भरल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यात पाच मागण्या होत्या: दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार ठरल्या मुदतीत आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे हा अर्ज गेला. परंतु कायद्यात तेव्हा काही बदल झाला नाही.

नारायणराव खचले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नवा आयोग नेमला व त्याच्या कामात नारायणरावांना सहभागी करून घेतले. पुढे १८९१ साली सुधारलेला कायदा झाला. आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती हा आता कामगारांचा हक्क ठरला. स्त्रियांसाठी अकरा तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्याचे दार बंद झाले.

कायदा झाला, तरी तो आपोआप पाळला जात नाही. कारखान्यात जाऊन तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम सरकारी निरीक्षकांकडे असते. निरीक्षक दक्ष नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. म्हणून मजुरांनीही आपले हक्क जाणून घ्यावेत व संघटित राहावे, यासाठी नारायणराव झटत राहिले.

९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या अर्जातील सर्व मागण्या त्यांच्या हयातीत पूर्ण झाल्या नाहीत. गिरणीतील पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा १९११ साली आली. जखमी कामगारांच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आणि वेळेवर पगार देण्याचा कायदा १९३६ साली झाला. एका अर्जातील पाच मागण्या पुऱ्या होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला; पण त्यांपैकी एकही वाया गेली नाही.